हेडसेटवाल्यांनो, एक मंगळवार आमच्या फील्डच्या खोलीत बसा

घरच्या घरी डोळे तपासणारे, डोळ्यांपुढे पडदा बांधायचे व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांची ॲप लिहिणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बावीस वर्षं लोकांचे नंबर काढतेय. 'ही काच बरी की ती?' हा प्रश्न जिभेवर इतका बसलाय की मंडईत मेथीच्या दोन जुड्या हातात घेऊन मी स्वतःलाही तोच विचारते. मला यंत्रांचं वावडं नाही. कॉम्प्युटरवर नंबर काढणारं मशीन आमच्याकडे आलं तेव्हा 'आता तुमचं काय काम?' असं लोकांनी विचारलं होतं. काम उलट वाढलं. तेव्हा पोटावर पाय आला म्हणून ही बाई ओरडतेय असं समजून पत्र बाजूला सारू नका.

तुमच्या जाहिराती आता आमच्या पेशंटांच्या मोबाइलवर येतात. डोक्याला पट्टा बांधून सोफ्यावर बसलेले हसरे आजोबा आणि खाली 'दवाखान्याची खेप वाचवा'. खेप वाचणं म्हणजे काय, हे जतहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या माणसाइतकं कुणाला कळणार? म्हणूनच लिहायला बसले. तुमचं यंत्र ज्या कामासाठी विकलं जातंय त्या कामाचं ते फारसं नाही. ज्या कामाचं आहे, ते काम जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत पडलंय.

आधी एक प्रसंग सांगते. गेल्या श्रावणात कवठे महांकाळ भागातले एक निवृत्त गुरुजी आले. सहा वर्षांपासून काचबिंदू, दोन प्रकारचे थेंब चालू, दर चार महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर, वर्षाला एक फील्ड, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं कुठवर दिसतं त्याची तपासणी. पेशंट कसा असावा तर असा, थेंब घातल्याची वेळ डायरीत लिहिणारा. मधले दहा महिने मात्र फिरकलेच नाहीत. विचारलं तर कळलं की पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीत घरी हेडसेट आणला होता. त्यात डोळे तपासायचं ॲप होतं. गुरुजींनी पट्टा चढवला, समोर आलेली अक्षरं एकेक करून अचूक ओळखली, आणि शेवटी हिरवी बरोबरची खूण आली. खाली इंग्रजीत शेरा होता, तुमची दृष्टी उत्तम आहे.

गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर शेरे मारलेले. शेऱ्यावर त्यांचा विश्वास. 'नॉर्मल आलंय, मग थेंब कशाला उगाच?' थेंब बंद. आमच्याकडे आले तेव्हा उजव्या डोळ्याचं प्रेशर ३४ होतं; साधारण १० ते २१ असावं लागतं. फील्डचा कागद मशीनमधून बाहेर आला तो वरच्या अर्ध्या भागात काळा. आदल्या कागदावर नाकाच्या बाजूला फक्त एक करडा कोपरा होता. या दहा महिन्यांत गुरुजींना घरातल्या दाराची वरची चौकट दोनदा कपाळाला लागली होती. घर जुनं, दारं ठेंगणी, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नाही. आणि भिंतीवरच्या तक्त्यावर? तळाजवळची बारीक ६/९ ची ओळ त्या दिवशीही त्यांनी न अडखळता वाचली.

म्हणजे ॲप तसं खोटं बोललं नव्हतं. त्याने अक्षरं विचारली, गुरुजींनी सांगितली. काचबिंदूत अक्षरं शेवटी जातात. आधी कडेचं जातं, आणि जातं तेही काळा डाग दिसून नाही. मेंदू आजूबाजूच्या रंगाने ती जागा बेमालूम भरून टाकतो, त्यामुळे माणसाला आपलं काही हरवलंय याचा पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं तेवढं थेंबांनी राखता येतं. कुठल्या कंपनीचं ॲप ते मी लिहीत नाही. एका नावावर बोट ठेवलं की बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात, तसं मला नकोय.

आता अक्षरांचंच बघू. तुमच्यातले इंजिनिअर हे जाणतात. जाहिरात लिहिणाऱ्यांसाठी सांगते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या हर्मन स्नेलेनने १८६२ मध्ये जो तक्ता छापला, त्याचं गणित आजही चालतं. सहा मीटरवरून ६/६ चं, म्हणजे चांगल्या नजरेला वाचता येणारं, अक्षर डोळ्यात पाच मिनिटांचा कोन करतं आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ एका मिनिटाचा. ही मिनिटं घड्याळातली नव्हेत, एका अंशाचे साठ भाग. तेव्हा ६/६ चं अक्षर पडद्यावर नीट काढायचं तर अंशाला निदान साठ ठिपके (पिक्सेल) हवेत, रेघेला किमान एक. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये अंशाला पंचवीसच्या आसपास ठिपके असतात. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला बाजारात आला, त्यातही चौतीसच्या आसपासच. पंचविसाचा हिशेब करा: एक ठिपका २.४ मिनिटांचा, म्हणजे सरळपणे काढता येणारं सगळ्यात बारीक अक्षर ६/१४ चं. आमच्या तक्त्यावर ६/१४ नाही; ६/१२ काढता येत नाही म्हटल्यावर ६/१८ वर थांबावं लागतं. कडा मऊ करून थोडं पुढे सरकता येतं, हे मला माहीत आहे. पण त्या खेळात पेशंट अक्षर वाचतोय की करड्या गोळ्याचा आकार ओळखतोय, ते कुणी सांगायचं? गुरुजींना 'उत्तम' म्हणणाऱ्या ॲपची शेवटची ओळ किती बारीक होती, हे मी त्यांच्या मुलाला विचारलं. त्याने मेनू सगळा धुंडाळला. कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि नंबर. हेडसेटमधली भिंगं चित्र एका ठरावीक अंतरावर नेऊन ठेवतात, बहुतेक हेडसेटांत दीड-दोन मीटरच्या आसपास. उणे अर्ध्या नंबरच्या माणसाला दोन मीटरपर्यंतचं तसंही स्वच्छ दिसतं. त्याला दिसत नाही ती स्टँडवर उभ्या एसटीची पाटी. तुमच्या पडद्यावर तो पहिल्या नंबराने पास होतो आणि स्टँडवर 'बाबा, ही जयसिंगपूरची का हो?' असं शेजाऱ्याला विचारतो. दुसरी गंमत अशी की यंत्रात डोकावलं की डोळा आपोआप जवळचं बघायच्या तयारीला लागतो. दुर्बिणीत बघा नाहीतर मायक्रोस्कोपमध्ये, चित्र लांबचं असलं तरी शरीराला ठाऊक असतं की वस्तू नाकापाशी आहे. त्या ताणाने उणे नंबर जास्त निघतो, आणि लहान मुलांत तर हमखास. शाळकरी पोराचा नंबर आम्ही डोळ्यात औषध घालून, ती नजर सैल करून मगच काढतो. तासभर पोर रडतं, आई वैतागते, तरी काढतो. घरी हेडसेट लावून काढलेल्या नंबराचा चष्मा त्या पोराच्या नाकावर चढला तर जादा नंबर उगाच त्याच्या माथी बसेल.

नंबर यंत्राने घरी निघूच शकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नाशिकचे रमेश रासकर, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. त्यांच्या गटाने २०१० मध्ये फोनच्या पडद्यावर बसवायचं 'नेत्रा' नावाचं एक छोटं साधन दाखवलं. आत डोकावायचं, दोन रेघा दिसतात, बटणाने सरकवून एकीवर दुसरी आणायची. डोळ्यात जेवढा दोष तेवढं सरकवावं लागतं, त्यावरून नंबर. चष्म्याच्या सिलिंडर-नंबरासाठी हेच वेगवेगळ्या कोनांतून. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याच धुंदीत होते. पण तिथली करामत पडद्यापुढच्या भिंगांत होती. नुसतं खेळायच्या हेडसेटवर ॲप टाकून ती येत नाही. रासकरांना २०१६ मध्ये लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं तेव्हा आमच्या दवाखान्यात मी पेढे वाटले होते, आणि डॉक्टरांनी 'नातेवाईक का?' म्हणून विचारलं होतं.

बरं, दोष काढून झाले. आता फील्डकडे येते.

आमच्याकडे मंगळवार हा फील्डचा वार. जिन्याखालची खोली, खिडकीला काळं कापड, मधे ते पांढऱ्या घुमटाचं मशीन. एक डोळा पट्टीने झाकायचा, हनुवटी टेकवायची, कपाळ पुढे. मग मी दर पेशंटला तेच सांगते, 'मावशी, मधल्या पिवळ्या दिव्याकडंच बघायचं. कडेला कुठं बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. उजेडाच्या मागं डोळा न्यायचा नाही.' नेहमीच्या चाचणीत चोपन्न जागा असतात, सहा-सहा अंशांवर. प्रत्येक जागी उजेड कमी कमी करत मशीन शोधतं की या जागेला दिसायचं कुठे थांबतं. म्हणजे रचनाच अशी की निम्मे दिवे दिसणार नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. आपण नापास होतोय असं वाटून अंदाजे बटण दाबत सुटतो, आणि कागदावर असा डोळा उमटतो की तो गरुडालाही नसेल. काहीजण चक्क झोपतात. 'झोपलो नव्हतो ताई, डोळे मिटून विचार करत होतो,' असं एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं. पहाटे तीनला उठून निघालेला तो, झोपेल नाहीतर काय करेल?

काचबिंदू नव्याने सापडला की पहिल्या दोन वर्षांत सहा फील्ड व्हावीत असं युरोपातल्या काचबिंदूतज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते. कारण एका कागदावर काही ठरत नाही. त्याच माणसाचे आजचे आणि पुढच्या आठवड्याचे आकडे वेगळे येतात, आणि त्या चढउतारातून खरा उतार ओळखायला बरेच कागद लागतात. आमच्याकडे सहा तर सोडा, दोन वर्षांत दोन झाली तरी मी खूश असते. जतच्या पेशंटला एका फील्डसाठी दोन माणसांचा दिवस जातो, त्याचा स्वतःचा आणि सोबत आलेल्याचा. द्राक्षाच्या छाटणीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत आम्ही तारीख दिली तरी कुणी येत नाही, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. देशात काचबिंदूचे रुग्ण एक कोटीहून जास्त असल्याचा अंदाज आहे, आणि दक्षिणेत घरोघर जाऊन झालेल्या पाहण्यांत जे सापडले त्यातल्या बहुतेकांना त्याआधी पत्ताच नव्हता.

इथे तुमचं यंत्र कामाचं आहे, आणि हे मी मनापासून लिहितेय. फील्डला बारीक अक्षर लागत नाही. हम्फ्री या घुमटाच्या मशीनवरचा नेहमीचा ठिपका जवळजवळ अर्ध्या अंशाचा असतो, तो तुमच्या पडद्यावर आरामात मावतो. अंधारी खोली लागत नाही, कारण हेडसेट हीच अंधारी खोली. डोळा झाकायला पट्टी लागत नाही, दुसऱ्या डोळ्याला दिवा दाखवायचाच नाही. नजर ढळली तर आत बसवलेला कॅमेरा सांगू शकतो. आपल्याच देशात असे डोक्यावर चढवायचे फील्ड ॲनालायझर तयार झालेत, आणि अरविंद नेत्र रुग्णालयाने त्यातल्या एकाची हम्फ्रीशी तुलना करून २०२० मध्ये छापली. पुढे गेलेला काचबिंदू तो बरा ओळखतो, सुरुवातीचा कमी. मेलबर्नच्या मंडळींनी टॅबलेटवर घरी फील्ड करायचा प्रोग्रॅम काढला आणि गणिताने दाखवलं की आठवड्याला घरी एक फील्ड झालं तर वेगाने बिघडणारा डोळा सहा महिन्यांतून एकदा दवाखान्यात तपासण्यापेक्षा बराच लवकर पकडता येतो. मधले काही आठवडे चुकले तरीही.

हे सगळं वाचलेलं होतं. हाताने करून बघावं म्हणून एका विक्री प्रतिनिधीकडून दाखवायचा हेडसेट आठ दिवसांसाठी मागून आणला आणि आईवर चालवला. आई चौऱ्याहत्तरची. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, डाव्या डोळ्यात काचबिंदू.

पहिला अडथळा आला अंबाड्याचा. तुमचा पट्टा डोक्याच्या मागे जिथे बसतो, बरोबर तिथे तिचा अंबाडा. पट्टा वर घेतला तर समोरचा डबा गालावर उतरतो, खाली घेतला तर मानेत रुततो. तुमच्या चाचणीखोलीत अंबाडा घातलेली एकही बाई कधी आली नसावी. शेवटी तिने वेणी सोडली, कुरकुर करत. अर्धा किलोचं ते धूड नाकावर आल्यावर म्हणाली, 'घोड्याला झापडं लावतात तशी.' मग आतून बाईचा इंग्रजी आवाज आला, ट्रिगर दाबा. आईने मला विचारलं, 'काय दाबू?' कंट्रोलरवर पाच बटणं, आणि त्यातलं ट्रिगर कुठलं हे अंधारात बोटाने शोधायचं. आमच्या मशीनला एकच बटण आहे, ते माणसाला झोपेतही सापडतं.

दोन मिनिटांत काचांवर वाफ धरली, पावसाळा होता. दिवा चमकला की ती अख्खं डोकं तिकडे वळवायची, आणि डोक्याबरोबर अख्खी खोली वळायची, त्यामुळे चाचणी आपली चालूच. पहिल्या दिवसाचा निकाल बघून कुणीही म्हणालं असतं की बाईंना वरचं काही दिसत नाही. खरं कारण पापणी. वयाने तिची पापणी खाली उतरलीय. दवाखान्यात आम्ही ती कागदी चिकटपट्टीने हलकेच वर धरतो. तिसऱ्या दिवशी मी तेच केलं, वर काळं होतं ते साफ झालं.

पण पाचव्या दिवशी तिला जमलं. खाटेवर भिंतीला टेकून, पोथी वाचून झाल्यावर, स्वतःहून म्हणाली, 'आण तुझं ते खेळणं.' नजर ढळली नाही, आंधळा ठिपका (प्रत्येक डोळ्यात असतेच ती न दिसणारी जागा) जिथे असायला हवा तिथे आला, आणि डाव्या डोळ्याच्या खालच्या बाजूचा, न दिसणाऱ्या भागाचा तो जुना खड्डा दवाखान्याच्या कागदावर आहे तसाच उमटला. मी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. सहाव्या दिवशी पुन्हा तसाच. तिला हनुवटी टेकवून अवघडून बसावं लागलं नाही, रिक्षा नाही, लाइन नाही. 'हे बरंय की,' म्हणाली. हेडसेट परत केला तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त चुटपुट लागली.

म्हणून आता मागणी करते, आणि ती जरा दटावून करते.

निकालाच्या पडद्यावरून 'उत्तम', 'नॉर्मल', हिरवी खूण, हसरा चेहरा हे सगळं काढा. त्या जागी, चाचणी झाली त्याच अक्षराच्या आकारात, मराठीत लिहा: डोळ्याचं प्रेशर तपासलेलं नाही, डोळ्याची नस बघितलेली नाही, डोळ्यातला पडदा बघितलेला नाही, चालू असलेले थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ही ओळ असती तर गुरुजींनी बाटली बाजूला ठेवली नसती. त्यांची डायरी मी बघितलीय. लिहिलेलं ते पाळतात.

निकाल डॉक्टरांकडे जाऊ दे, पेशंटकडे फक्त 'झालं, पुढच्या आठवड्यात पुन्हा' एवढंच. हे मी हवेतलं मागत नाही. अमेरिकेत 'फोरसी होम' नावाचं यंत्र आहे, वयामुळे डोळ्यातल्या पडद्याचा मध्यभाग झिजलेल्या लोकांनी रोज घरी बसून त्यात काही मिनिटं बघायचं. आत काही बदललं की सूचना डॉक्टरकडे जाते आणि डॉक्टर पेशंटला बोलावतो. ते यंत्र 'तुम्ही ठणठणीत आहात' असं म्हणायच्या फंदात पडत नाही. अशी यंत्रं मिरजेत, सोलापुरात, जळगावात का येऊ नयेत?

चोपन्नच्या चोपन्न आकडे द्या. रंगीत वर्तुळ आणि शंभरपैकी गुण यांचं आम्ही काय करायचं? आणि तुमच्या यंत्रावरचे चोवीस डेसिबल (इथे दिवा किती मंद केला त्याचं माप) म्हणजे हम्फ्रीवरचे चोवीस, असं भासवू नका. प्रत्येक यंत्राची डेसिबलची मोजपट्टी त्याच्या स्वतःच्या सगळ्यात प्रखर दिव्यापासून सुरू होते. हम्फ्रीचा तो दिवा दहा हजार ॲपोस्टिल्बचा; ॲपोस्टिल्ब हे उजेडाचं माप. तुमच्या पडद्यांची झेप त्याच्या जवळपासही नाही. म्हणून खोल खड्ड्याचा तळ तुम्हाला मोजता येत नाही. तसं लिहा, त्यात लाज कसली. ज्याचा काचबिंदू फार पुढे गेलाय त्याला आम्ही घुमटाच्या मशीनवरच बसवू.

पाकिटावरचं 'एफडीए रजिस्टर्ड' हे शिक्क्यासारखं मोठ्ठं छापणं थांबवा. एफडीए म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणारं अमेरिकेचं सरकारी खातं; त्याच्याकडे फील्डचं यंत्र सगळ्यात खालच्या, पहिल्या वर्गात येतं, आणि त्याला बाजारात येण्याआधी परवानगी लागत नाही. नोंदणी म्हणजे नाव-पत्ता वहीत लिहिला. मान्यता वेगळी. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला ती इंग्रजी अक्षरं दिसतात आणि तो बापाला सांगतो, 'अमेरिकेने पास केलंय.' आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत बसतं. निदान करायचं आणि प्रश्न विचारला की 'आम्ही नुसतं वेलनेस' म्हणून अंग काढून घ्यायचं, ही पळवाट मला चांगली ठाऊक आहे. ऑनलाइन अक्षर-चाचणीच्या एका अमेरिकी कंपनीला एफडीएने २०१७ मध्ये तंबी दिली होती, आणि २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ती बावीस ते चाळीस वर्षांच्या माणसांपुरती. बघा, वयाची हद्द आखून. आमच्या गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर.

शिबिरात हेडसेट घेऊन जाणार असाल तर आणखी एक. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, आठवतंय? तो फोमचा मऊ कडा एकाच्या डोळ्यावरून उठून दुसऱ्याच्या डोळ्यावर जाणार. पुसता येणारा कडा द्या, नाहीतर माणसागणिक बदलायचं कागदी आवरण. आणि पेशंट कुठे किती वेळ बघत होता याची जी नोंद तुमच्याकडे साठते, ती पेशंटची आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तुमच्या वकिलांनी वाचला असेलच.

बाकी भाव, हप्ते, गुंतवणूकदार यातलं मला कळत नाही. एक मात्र सुचतं. घरोघरी हेडसेट विकायचा आग्रह कशाला? जतच्या ग्रामीण रुग्णालयात एक ठेवा, एक आशाताईंकडे. आठवडी बाजाराच्या दिवशी माणूस तिथे येतोच, भाजी घेईल, फील्ड करेल, जाईल. नवरा-बायको दोघांना काचबिंदू असलेली घरं आमच्या यादीत तीन आहेत, त्यांनी हवं तर घरी ठेवावा. पण पहिली दोन-तीन फील्ड आमच्यासारख्या कुणाच्या तरी शेजारी बसून व्हायला हवीत. पापणी उचलायला माणूस लागतं, आणि 'निम्मे दिवे दिसणार नाहीत, घाबरू नका' हे सांगायलाही.

तुमच्यापैकी ज्यांना हे पटलं नाही त्यांनी, आणि पटलं त्यांनीही, एका मंगळवारी मिरजेला या. सकाळी साडेनऊला खोली उघडते. स्टुलावर बसा, चहा मी पाजते. आठ-दहा फील्ड नुसती बघा. कोण बटण कसं धरतं, कुणाची मान दुखते, कोण मधेच 'संपलं का?' विचारतं. गुरुजी आता दर दोन महिन्यांनी येतात, त्यांनाही त्याच दिवशी बोलावते. हेडसेट घेऊन या, दुपारी मशीन मोकळं झालं की त्यांच्यावर दोन्ही चाचण्या पाठोपाठ घेऊ आणि कागद शेजारी ठेवू.

कळावे,

आपली,
फील्डच्या खोलीतली ताई
मिरज

ता.क. आईचा निरोप आहे: येताना पट्टा बदलून आणा. ती पुन्हा वेणी सोडणार नाही म्हणतेय.